पुन्हा पुन्हा लागणारा दिवा

(अभ्यासपाठ : तरुण संघ, संडे स्कूलचे वरचे वर्ग व कुटुंबे यांच्यासाठी)



ह्या महिन्याच्या पाठासाठी आम्ही रोजच्या व्यवहारातला एक विषय घेतला आहे. मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा असतो. एखाद्या दिवशी तो लागतो. आपण गाडी गॅरेजात नेतो, एखादा भाग बदलला जातो, बिल दिले जाते व दिवा बंद होतो. चार-आठ दिवसांनी तो पुन्हा लागतो. पुन्हा गॅरेज, पुन्हा नवा भाग, पुन्हा बिल. तिसऱ्या किंवा चौथ्या खेपेनंतर घरात दोन मते होतात. कोणी म्हणतो, "गाडी चांगली पळते आहे, दिव्यावर चिकटपट्टी लावा." दुसरा म्हणतो, "कोणाच्या तरी गळ्यात बांधून मोकळे व्हा."

विषय लहान दिसतो, परंतु त्यात तीन मोठ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत : कष्टाचा पैसा, गाडीत बसणाऱ्यांची सुरक्षितता व शेजाऱ्याशी सचोटीचे वागणे. गाडी मंडळीची असेल तर तो पैसा लोकांच्या दानाचा असतो व त्याचा हिशेब खजिनदारास द्यावा लागतो. म्हणून हा विषय नीट समजून घेणे बरे.

सगळ्या पाठाचा मुख्य मुद्दा एका वाक्यात असा : दिवा बंद होणे व दोष दूर होणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

१. हा दिवा कोण लावतो?

आजच्या मोटारीत एक लहान संगणक असतो. इंजिनात किती हवा येते, इंजिन किती तापले आहे, जळून गेलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरला आहे, हे मोजणारे सेन्सर त्याला सतत निरोप पाठवीत असतात. एखादा निरोप अपेक्षेबाहेरचा आला, की संगणक त्याची एका क्रमांकाने नोंद करतो व दिवा लावतो.

ही व्यवस्था मुळात हवेच्या प्रदूषणामुळे आली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मोटारींपासून ती सक्तीची केली. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींत एकाच धर्तीची, अधिक बारकाईची व्यवस्था आली. भारतात भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर एप्रिल २०१० पासून तिची पहिली पायरी व एप्रिल २०१३ पासून दुसरी, अधिक कडक पायरी लागू झाली. भारत स्टेज ४ चे नियम प्रथम १३ शहरांत आले व त्यांत मुंबई, पुणे, सोलापूर व हैदराबाद ही शहरे होती. १ एप्रिल २०१७ पासून ते देशभर झाले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आले. आपली गाडी २०१० पूर्वीची असेल, तर ह्या पाठातील सर्व गोष्टी तिला लागू पडतीलच असे नाही.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. हा दिवा प्रथम धुराची काळजी करतो, पळण्याची नव्हे. म्हणून "गाडी छान पळते, तेव्हा दिवा खोटा आहे," हे म्हणणे बरोबर नाही. तसेच "पीयूसी मिळाली आहे," हाही पुरावा पुरेसा नाही. पेट्रोल गाडीची पीयूसी तपासणी गाडी उभी ठेवून होते. जो दोष रस्त्यावर वेगात असताना प्रकट होतो, तो तेथे दिसेलच असे नाही.

२. प्रथम रंग ओळखा

लाल दिवा म्हणजे थांबा. तेलाच्या दाबाचा किंवा इंजिन अति तापल्याचा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. तेथे "घर जवळच आहे" असे म्हणणे महागात पडते. ब्रेकचा लाल दिवा लागला, तर प्रथम हँडब्रेक पूर्ण सुटला आहे की नाही हे पाहावे. सुटला असूनही दिवा राहिला, तर गाडी चालवू नये.

इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल व गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही, मात्र तपासणी लांबवू नये. तोच दिवा लुकलुकत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. त्याचा अर्थ बहुधा असा, की एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही व ते तसेच धुराच्या नळीत जात आहे. तेथील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा भाग त्यामुळे अति तापून निकामी होतो. ह्या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम ह्या मौल्यवान धातू असतात, म्हणून तो फार महाग असतो. दिवा लुकलुकू लागला की वेग कमी करावा, जोर देऊ नये व शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी.

३. क्रमांक काय सांगतो व काय सांगत नाही

स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूस १६ पिनांचे एक सॉकेट असते. गॅरेजवाला तेथे स्कॅनर लावतो व पी ०१७१ किंवा पी ०४२० असा क्रमांक वाचतो. मोबाईल फोनशी जोडले जाणारे लहान यंत्र लावून आपणही तो वाचू शकतो.

येथेच पहिली गफलत होते. पी ०१७१ ह्या क्रमांकाचा अर्थ इतकाच, की इंजिनात इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे. "अमुक सेन्सर बदला" असे तो सांगत नाही. ज्या सेन्सरने ही बातमी आणली, तोच खोटा ठरवून पुष्कळदा बदलला जातो. टपाल आणणाऱ्यावर रागावून पत्रातली वाईट बातमी बदलत नाही. क्रमांक हा साक्षीदार आहे. त्याची साक्ष ऐकून घ्यावी व मग चौकशी सुरू करावी. निकाल नंतर लागतो.

क्रमांकाबरोबर संगणक आणखी एक मौल्यवान नोंद ठेवतो. दोष आढळला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापले होते, त्यावर भार किती होता, हे तो टिपून ठेवतो. गॅरेजात शिरताच "दिवा घालवा" म्हटले, की क्रमांक पुसला जातो व ही नोंदही जाते. बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली, तरी बहुधा तेच होते. म्हणून काहीही पुसण्यापूर्वी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढून ठेवावा.

४. दिवा चार दिवसांनीच का परत येतो?

पुष्कळांना वाटते, की दुरुस्ती चार दिवस टिकली व मग बिघडली. बहुतेक वेळा तसे नसते. नोंद पुसल्यावर संगणकाला आपल्या सर्व तपासण्या नव्याने कराव्या लागतात, आणि प्रत्येक तपासणीला ठराविक परिस्थिती लागते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची तपासणी व्हायला इंजिन पूर्ण तापलेले असावे लागते व गाडी काही वेळ एकसारख्या वेगाने चालावी लागते. शिवाय पुष्कळ दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत आढळले, तरच दिवा लागतो.

समजा, बेळगावातील एक कुटुंब आठवडाभर घर, बाजार व उपासना एवढ्यापुरतीच गाडी वापरते. ती तपासणी होतच नाही आणि दिवा बंद राहतो. शनिवारी सर्वजण कोल्हापूरला जातात व रविवारी परत येतात. दिवा लागतो आणि सर्व म्हणतात, "लांबच्या प्रवासाने बिघडली." खरे तर दोष पहिल्या दिवसापासून तेथेच होता. त्याची परीक्षाच झाली नव्हती.

म्हणून गॅरेजातून गाडी घेताना दिवा बंद दिसणे हा दुरुस्तीचा पुरावा नव्हे. तपासण्या पूर्ण झाल्या की नाहीत, हे स्कॅनरवर दिसते. त्या पूर्ण झाल्या व क्रमांक परत आला नाही, तरच काम झाले असे समजावे. उलटपक्षी, दोष खरोखर गेला असेल, तर लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष झाल्यावर संगणक बहुधा आपण होऊन दिवा बंद करतो.

५. दुरुस्ती फसण्याची तीन उदाहरणे

(अ) पी ०१२८ : इंजिन वेळेवर तापत नाही. ग्वाल्हेरच्या जानेवारीत हा क्रमांक आला, असे समजा. गॅरेजात उष्णता मोजणारा सेन्सर बदलला जातो. काही दिवसांनी दिवा परत येतो. खरा दोष थर्मोस्टॅटमध्ये असू शकतो. थर्मोस्टॅट ही पाण्याच्या वाटेवरची एक झडप असते. इंजिन साधारण ८० ते ९० अंश सेल्सियस तापेपर्यंत ती बंद राहते. ती उघडीच अडकली, तर रेडिएटरमधले गार पाणी इंजिनाला तापू देत नाही. गाडी गरम होऊ नये म्हणून काही मिस्त्री ही झडप काढूनच टाकतात. जुन्या गाड्यांत ते खपून जाई. आजच्या गाडीत इंजिन थंड राहते, पेट्रोल जास्त जळते व दिवा लागतो. अशा वेळी कितीही सेन्सर बदलले, तरी उपयोग नाही.

(आ) पी ०१७१ : हवा जास्त. येथे ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाई होते. पण रबराच्या एखाद्या नळीला चीर पडून हवा चोरवाटेने आत येत असेल, हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखला असेल, किंवा पेट्रोलचा पंप कमजोर झाला असेल. ह्या तिन्हींमध्ये फरक करण्याची रीत आहे. संगणक किती टक्के जादा इंधन देत आहे, हा आकडा स्कॅनरवर दिसतो. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत हा आकडा उभ्या गाडीत मोठा व वेगात लहान होत असेल, तर नळीतील चिरेचा संशय घ्यावा. भार वाढला की तो वाढत असेल, तर पंप, फिल्टर किंवा हवेचा सेन्सर पाहावा. चीर शोधण्यासाठी चांगल्या गॅरेजात नळ्यांत धूर सोडतात, व जेथून धूर बाहेर येतो तेथे दोष सापडतो.

(इ) पी ०४२० : कन्व्हर्टर नीट काम करीत नाही. येथे कोणी मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलतो, कोणी थेट महागडा कन्व्हर्टर. पण सेन्सरच्या आधी धुराच्या नळीला भोक असेल, तर बाहेरची हवा आत शिरून खोटी साक्ष देते. आणि कन्व्हर्टर खरोखरच मेला असेल, तर तो कशाने मेला, हे विचारलेच पाहिजे. इंजिन तेल जाळीत असेल किंवा एखादा प्लग नीट पेटत नसेल, तर नवा कन्व्हर्टरही तसाच मरेल. मूळ रोग तसाच ठेवून त्याने मारलेला भाग बदलणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी सतरंजी घालणे होय.

ह्याखेरीज वायरिंगचा दोष आहेच. उंदरांनी कुरतडलेली वायर, गंजलेला अर्थिंगचा बोल्ट, कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी, ह्यांमुळे दिवा लागतो व जातो. गोव्याच्या पावसाळ्यात दिवा लागत असेल व ऊन पडल्यावर जात असेल, तर भाग बदलण्यापूर्वी वायरी व कनेक्टर तपासून घ्यावेत.

६. आपले काम कोणते?

गाडी दुरुस्त करणे हे मिस्त्रीचे काम आहे. पण पुढील गोष्टी मालकाच्याच हातच्या आहेत.

पहिली, वही. गाडीत एक लहान वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, दिवा केव्हा लागला, इंजिन थंड होते की गरम, पाऊस होता की ऊन, नुकतेच पेट्रोल भरले होते काय, कोणता क्रमांक आला, काय बदलले व किती पैसे दिले, हे त्यात लिहावे. तीन नोंदी एकाखाली एक आल्या, की पुष्कळदा दोषाचा माग आपोआप दिसू लागतो.

दुसरी, तक्रार सांगण्याची रीत. जॉबकार्डावर "सेन्सर बदला" असे लिहवून घेऊ नये. तसे लिहिले, तर सेन्सर बदलल्यावर गॅरेजची जबाबदारी संपली. "सकाळी थंड इंजिनात १० मिनिटे चालवल्यावर पिवळा दिवा लागतो, कारण शोधा," असे लिहवावे. लक्षण आपण सांगावे व उपाय त्यांना शोधू द्यावा.

तिसरी, एक प्रश्न. कोणताही भाग बदलण्यापूर्वी नम्रपणे विचारावे, "दादा, हाच भाग खराब आहे, हे कोणत्या तपासणीने कळले?" "स्कॅनरने सांगितले" हे उत्तर पुरेसे नाही, कारण स्कॅनर भाग सांगत नाही, हे आपण वर पाहिले. व्होल्टेज मोजले, दाब मोजला, धूर सोडून पाहिला, असे उत्तर आले तर विश्वास ठेवण्यास जागा आहे. काढलेला जुना भाग परत मागावा.

चौथी, तपासणीचे पैसे आनंदाने द्यावेत. आपल्याकडे भागाचे पैसे देताना कोणी कुरकुर करीत नाही, पण "नुसते पाहण्याचे" पैसे मागितले की भांडण होते. मग मिस्त्रीही शोधण्यात वेळ न घालवता अंदाजाने भाग बदलतो. दोन तासांच्या कसून केलेल्या तपासणीचे पैसे दिले, तर तीन अनावश्यक भागांचे पैसे वाचू शकतात. दोन-तीन खेपा फसल्यानंतर, स्कॅनरवरील आकडे वाचता येणाऱ्या दुसऱ्या जाणकाराकडे वहीसह जावे. पहिल्या मिस्त्रीची निंदा करण्याची गरज नाही. जे घडले ते वहीतून सांगावे, म्हणजे झाले.

७. न्याय मागण्याची वेळ आली तर

गाडी वॉरंटीत असेल, तर प्रत्येक तक्रार लेखी द्यावी व पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला पुढे कोणी ओळख देत नाही. मुदत संपण्यापूर्वी दोषाची लेखी नोंद झालेली असणे फार महत्त्वाचे आहे.

पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवा आहे व तिच्यातील उणिवेबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. आपल्या वाचकांना उपयोगी अशी एक तरतूद ह्या कायद्यात आहे : तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. गाडी पुण्यात घेतली व आपण बेळगावात किंवा इंदुरात राहत असलो, तरी पुण्याच्या खेपा घालण्याचे कारण नाही. अशा वेळी आपली वही, जॉबकार्डे व बिले हाच आपला आधार असतो.

८. चिकटपट्टी व विक्री

आता आरंभीच्या दोन मतांकडे वळू. दिव्यावर चिकटपट्टी लावली, तर त्याच दिव्याने उद्या लुकलुकून सांगितलेला नवा व मोठा धोका आपणांस दिसणार नाही. जुन्या, ठाऊक असलेल्या दोषाच्या आड नवा दोष लपतो, हा त्यातला खरा तोटा आहे. अडचणीमुळे दुरुस्ती पुढे ढकलावीच लागली, तर निदान अधूनमधून क्रमांक वाचून तोच जुना क्रमांक आहे की नवा आला, हे पाहावे.

विक्रीविषयी आम्ही स्पष्ट लिहितो. सकाळी नोंद पुसून दुपारी गिऱ्हाइकाला गाडी दाखवणे ही फसवणूक आहे, मग गिऱ्हाईक ओळखीचे असो वा परके. गाडी विकण्यात काही गैर नाही. दोष सांगून, वही दाखवून व त्या मानाने किंमत कमी करून विकावी. आणि जे वापरलेली गाडी घेणार आहेत, त्यांनी स्कॅनर लावून तपासण्या पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, हे पाहून घ्यावे. बऱ्याचशा "अपूर्ण" दिसल्या, तर नोंद नुकतीच पुसली गेली असण्याचा किंवा बॅटरी काढली गेल्याचा संभव असतो. अशा वेळी दोन दिवस थांबून पुन्हा तपासणी मागावी.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१) दिवा बंद होणे व दोष दूर होणे ह्यांत फरक काय? आपल्या शब्दांत सांगा.
२) नोंद पुसण्यापूर्वी फोटो का काढावा?
३) "सेन्सर बदला" व "कारण शोधा" ह्या दोन सूचनांमुळे गॅरेजच्या जबाबदारीत काय फरक पडतो?
४) मंडळीच्या गाडीवर तीन वेळा खर्च झाला व दिवा परत आला. चौथ्या खर्चाला मंजुरी देण्यापूर्वी पंचांनी कोणते प्रश्न विचारावेत?
५) दोष न सांगता गाडी विकली व पुढे ती घाटात बंद पडली, तर विकणाऱ्याकडे त्याचा किती वाटा जातो?

शिक्षकांस सूचना : शक्य असल्यास वर्गातील एखाद्या पालकाची गाडी उभी करून मुलांना १६ पिनांचे सॉकेट दाखवावे. किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्यापूर्वी डॅशबोर्डवर कोणकोणते दिवे लागतात, हे त्यांना मोजू द्यावे व प्रत्येकाचा अर्थ गाडीसोबतच्या पुस्तिकेतून शोधावयास सांगावे. इंजिनाचा दिवा त्या वेळी लागलाच पाहिजे. जो त्या वेळीही लागत नाही, तो दिवा जळला असेल किंवा कोणी मुद्दाम बंद केला असेल. तशी गाडी आधी तपासून घ्यावी, हे मुलांनी घरी जाऊन सांगावे.